हिमालय ओलांडणाऱ्या पट्टकदंबाच्या शरीरात नेमके काय वेगळे आहे?

प्रश्न : पाणवठा

हिवाळ्यात उजनी जलाशयाच्या भिगवण परिसरात पट्टकदंब या स्थलांतरित हंसांचे थवे उतरतात आणि उन्हाळा लागायच्या सुमारास तिबेट आणि मंगोलियाच्या दिशेने परत जातात, हे इथल्या पक्षिनिरीक्षकांना ठाऊक आहेच. उजनीचा परिसर समुद्रसपाटीपासून जेमतेम ५०० मीटरवर आहे, आणि या पक्ष्यांच्या वाटेत मात्र ५,००० मीटरच्या वरच्या हिमालयातील खिंडी आहेत. तेवढ्या उंचीवर जाण्यापूर्वी गिर्यारोहक टप्प्याटप्प्याने मुक्काम करत कित्येक दिवस शरीराला सवय लावतात. या पक्ष्याला तेवढी सवड नसते, आणि शिवाय विरळ हवेत सतत पंख मारण्याचे कष्ट असतात. माझे प्रश्न दोन आहेत. ही क्षमता प्रत्येक पक्षी दरवर्षी नव्याने कमावतो की ती उपजत असते? आणि उपजत असेल, तर ‘गरज पडली म्हणून शरीर बदलले’ असे जे सर्रास सांगितले जाते, ते कितपत खरे आहे?

प्रतिसाद : वैनतेय

क्षमता मुख्यतः उपजत आहे. गिर्यारोहकाच्या शरीरात उंचीवर गेल्यावर मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक अधिक स्रवते, काही आठवड्यांत तांबड्या पेशी वाढतात आणि खाली उतरल्यावर हा बदल ओसरतो. तो त्याच्या मुलांना वारशाने मिळत नाही. पट्टकदंबाची भिस्त अशा तात्पुरत्या बदलावर नाही. सखल प्रदेशात वाढलेल्या पक्ष्याचे हिमोग्लोबिनही, म्हणजे रक्तातून ऑक्सिजन वाहून नेणारे प्रथिनही, जन्मापासूनच वेगळे असते.

हा वेगळेपणा पाहण्यासाठी रेणूच्या आत डोकवावे लागते. हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या असतात. ग्रेलॅग हंसासारख्या पट्टकदंबाच्या सखल प्रदेशातील नातलगांत अल्फा साखळीच्या ११९व्या जागी प्रोलिन हे अमिनो आम्ल (साखळीचा एक दुवा) असते, तर पट्टकदंबात त्याच जागी आकाराने लहान असलेले अ‍ॅलानिन असते. प्रोलिन शेजारच्या बीटा साखळीतील ५५व्या जागेवरील ल्युसिनला टेकते, आणि या स्पर्शामुळे रेणूची ऑक्सिजन सोडून देणारी रचना पक्की राहते. अ‍ॅलानिन तिथवर पोहोचत नाही, त्या दोहोंत बारीकशी पोकळी राहते, ती रचना सैल पडते आणि ऑक्सिजन कमी असतानाही रेणू त्याला सहज धरून ठेवतो. हिमोग्लोबिनची रचना उलगडणाऱ्या मॅक्स पेरुट्झ यांनी १९८३मध्ये हे अनुमान मांडले. पुढे १९९१मध्ये मानवी हिमोग्लोबिनमध्ये हाच एक बदल मुद्दाम करून पाहिला, तेव्हा त्याचीही ऑक्सिजनची ओढ वाढली.

मला याहून विलक्षण वाटते ती दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात राहणाऱ्या अँडियन हंसाची गोष्ट. त्याच्यात अल्फा साखळीचे प्रोलिन जागेवरच आहे. बदलले आहे ते समोरचे, बीटा साखळीच्या ५५व्या जागेवरचे अमिनो आम्ल. म्हणजे तोच स्पर्श पलीकडच्या बाजूने तुटला आहे. या दोन पक्ष्यांचे जवळचे नाते नाही आणि त्यांचे पर्वतही पृथ्वीच्या दोन टोकांना आहेत.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. गरजेला ओळखून उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातील बदल, होत असते, तर दोन्ही ठिकाणी एकच बदल दिसण्याची अपेक्षा करता आली असती. प्रत्यक्षात जनुकांत बदल गरजेची दखल न घेता होत राहतात आणि त्यांतील बहुतेक निरुपयोगी किंवा घातक असतात. एखादा बदल उंचावरच्या जगण्याला साहाय्यभूत ठरला, तर तो असलेल्या पक्ष्यांची पिल्ले अधिक संख्येने जगतात आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याचे प्रमाण वाढत जाते. ‘गरज पडली म्हणून’ या शब्दांनी कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते.

प्रतिसाद : सह्यवाट

वरील विवेचन मान्य आहे, मात्र सगळे श्रेय हिमोग्लोबिनला देणे मला पटत नाही. हवेतील ऑक्सिजन स्नायूतील मायटोकाँड्रियापर्यंत, म्हणजे पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या भागांपर्यंत, पोहोचेपर्यंत अनेक पायऱ्या आहेत, आणि पट्टकदंबात त्यांतील बहुतेक पायऱ्यांवर फरक आढळतो. त्याची फुप्फुसे सखल प्रदेशातील हंसांच्या तुलनेत मोठी असतात आणि ऑक्सिजन घटला की तो अधिक खोल श्वास घेतो. उड्डाणाच्या स्नायूंत केशवाहिन्या अधिक असतात, तसेच मायटोकाँड्रिया पेशीच्या कडेला, म्हणजे रक्ताच्या अधिक जवळ असतात. जोरजोराने श्वास घेतल्यावर रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो. तशा वेळी माणसाच्या मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो, या पक्ष्याचा होत नाही.

एक शंका इथे स्वाभाविक आहे. जे हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरते, ते तो स्नायूंना देणार कसे? याचे उत्तर बऱ्याच अंशी तापमानात आहे. थंड रक्त ऑक्सिजन अधिक धरते, तर काम करणाऱ्या स्नायूच्या उष्णतेने आणि आम्लतेने ही पकड ढिली होते. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात हाताने वाढवलेल्या पट्टकदंबांना मुखवटा लावून वातबोगद्यात उडवले गेले आणि श्वासावाटे समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश इतकाच ऑक्सिजन दिला गेला. त्याही स्थितीत काही पक्षी उडाले. त्यांचा चयापचयाचा वेग घटला आणि नीलांमधील रक्त थंड होत गेले. २०१९मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या प्रयोगांतील प्रमुख संशोधक जेसिका मीर पुढे अंतराळवीर झाल्या.

पट्टकदंब एव्हरेस्टच्या माथ्यावरून उडतात, ही जुनी समजूतही तपासून घ्यावी. उपग्रहाद्वारे माग काढलेल्या पक्ष्यांची नोंदलेली कमाल उंची ७,२९० मीटर आहे आणि त्यांचा बहुतांश प्रवास त्याहून पुष्कळ खालून होतो. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शरीरात बसवलेल्या यंत्रांनी हृदयाचे ठोके आणि पंखांची हालचाल टिपली, तेव्हा दिसले की हे पक्षी डोंगरउताराला धरून वर-खाली होत जातात. कमावलेली उंची सोडून पुन्हा चढणे वरवर उधळपट्टीचे वाटते. परंतु विरळ हवेत पंख थोडे अधिक वेगाने मारायचे तरी ऊर्जेचा खर्च झपाट्याने वाढतो, म्हणून दाट हवेत उतरून पुन्हा चढणे त्यांना स्वस्त पडते. माझ्या मते ही सवय रेणूतील बदलाइतकीच महत्त्वाची आहे.

पाणवठा

दोघांचे आभार. मग पिढ्यान्‌पिढ्या तिबेटमध्ये राहणाऱ्या माणसांतही हिमोग्लोबिन असेच बदलले आहे का?

प्रतिसाद : वैनतेय

नाही, तिथे मार्ग निराळा आहे. तिबेटी लोकांत ‘ईपीएएस१’ या जनुकाचे विशिष्ट रूप मोठ्या प्रमाणावर आढळते. ते तांबड्या पेशींच्या अतिरिक्त वाढीला आवर घालते, त्यामुळे उंचीवर राहूनही त्यांचे रक्त फारसे दाट होत नाही. अँडीजमधील रहिवाशांत हिमोग्लोबिनचे प्रमाण याहून जास्त असते, आणि त्यांच्यापैकी काहींना रक्त अति दाट झाल्यामुळे पर्वतीय आजार जडतो. जनुकाचे हे रूप तिबेटी लोकांच्या पूर्वजांना डेनिसोव्हन या लुप्त मानवगटाशी झालेल्या संकरातून मिळाले, असे २०१४मध्ये दाखवले गेले. तिबेटी मॅस्टिफ कुत्र्याच्याही याच जनुकात बदल आहे, आणि तो तिथल्या लांडग्यांकडून आलेला आहे. उपयुक्त बदल आपल्याच वंशात घडण्याची वाट न पाहता तो आधीपासून उंचावर राहणाऱ्या शेजाऱ्यांशी झालेल्या संकरातून लवकर मिळू शकतो, हे या दोन्ही उदाहरणांत दिसते.