पी०४०१ कोड, काळा धूर, घाटात पिकअप नाही – ईजीआर बदलू का?

कराडचा_पावणा
नमस्कार मंडळी, गाडी २०१५ ची डिझेल हॅचबॅक, १.३ लिटर, बीएस४, एमएच १२ पासिंग, १ लाख १८ हजार किमी झालेत. मागच्या महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकी चढताना अचानक दम गेल्यासारखी झाली, तिसऱ्यावर पाय पूर्ण दाबला तरी ४० च्या वर जाईना आणि मागे एवढा काळा धूर की मागचा टेम्पोवाला हॉर्न मारून मारून ओव्हरटेक करून गेला आणि वर शिव्या पण देऊन गेला. साताऱ्यात येईपर्यंत चेक इंजिनची पिवळी लाईट लागली. सपाटीला गाडी ठीक चालते, फक्त चढाला आणि ओव्हरटेकला रडते.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी०४०१ हा बिघाडाचा कोड आला. त्यांनी सांगितलं ईजीआर व्हॉल्व्ह (जळका गॅस परत इंजिनात सोडणारा) गेलाय, १४ हजार नवीन, मजुरी वेगळी. दुसऱ्या एकाने सांगितलं सेन्सर गेलाय. तिसरा म्हणतो बदलू नका, पत्रा कापून ईजीआरच्या वाटेत घालून ती बंद करतो, २०० रुपयात काम, परत कधी त्रास नाही. आता तिघांचं तीन तऱ्हेचं ऐकून डोकं फिरलंय. पुढच्या महिन्यात पीयूसी पण संपतेय. काय करू?

वऱ्हाडी_चाकं
भाऊ पहिले १४ हजार खिशात ठेव. माझं ऐक. माझी पेट्रोल गाडी आहे, तिला पी०१४१ आला होता, म्हणजे मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा हीटर. मी हुशारी केली, ऑनलाइन सेन्सर मागवला ४,५०० चा, उन्हाळ्यात नागपूरच्या गर्मीत गाडीखाली झोपून जुना काढला (तो गंजून असा बसला होता का बावीसचा पाना घसरून दोन बोटं सोलली), नवीन लावला, कोड उडवला, दोन दिवसांनी परत पी०१४१!! मग एका पोट्ट्याने मल्टीमीटर लावून दाखवलं, जुन्या सेन्सरचा हीटर ९ ओम दाखवून राहिला, म्हणजे चांगलाच होता, पण सॉकेटवर १२ व्होल्ट येतच नव्हते. वायर वरून उंदराने कुरतडली होती. टेप आणि सोल्डर, काम खतम. तो चांगला सेन्सर अजून घरी डब्यात पडून आहे. तर कोड आला म्हणजे तो पार्टच गेला असं काही नसते.

डिझेलबुवा
वऱ्हाडी भाऊंचं बरोबर आहे. इचलकरंजीत २२ वर्षं गाड्या करतोय, आता डोळे साथ देत नाहीत म्हणून पोरगा बघतो आणि मी इथे लिहीत बसतो.

पावणं, तुमच्या लिहिण्यातच एक गोष्ट जुळत नाही बघा. पी०४०१ चा अर्थ ईजीआरमधून गॅस कमी येतोय. ईजीआर काय करतो तर सायलेन्सरकडे चाललेला थोडा जळका गॅस परत इंजिनात सोडतो, त्यात ऑक्सिजन कमी असतो त्यामुळे आतलं जळण थंड राहतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार होतात. आता तो व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला तर इंजिनला उलट ताजी हवा जास्त मिळणार. मग काळा धूर कुठनं? काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. ईजीआर उघडा अडकला असता तर धूर पटला असता, पण मग कोड वेगळा आला असता, पी०४०२ वगैरे. म्हणजे एकतर कोडचा अर्थ चुकीचा लावलाय नाहीतर आजार दोन आहेत.

माझा पहिला संशय टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरतो तो) इंटरकूलर (ती हवा थंड करतो तो) आणि तिथून इंजिनकडे जाणाऱ्या रबरी होजवर. ते खालच्या बाजूने चिरतात, वरून बघितलं तर नव्यासारखे दिसतात. सपाटीला टर्बोचा दाब कमी, त्यामुळे चीर मिटलेली राहते, चढाला दाब आला की ती उघडते आणि मोजलेली हवा बाहेर. ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, हे कळत नाही, एअर फ्लो सेन्सरने जेवढी हवा मोजली तेवढं डिझेल तो सोडत राहतो, म्हणून धूर. चढताना काचा खाली करून ऐका, सुस्स आवाज येतो का. आणि होजच्या खाली हात फिरवा, चीर असेल तिथे तेलकट काळं लागतं.

ईजीआर तपासायची युक्ती फुकटची आहे. ६००-७०० वाला, गाडीचे कोड वाचणारा ब्लूटूथ डोंगल घ्या, फोनवर कुठलंही ॲप, त्यात एमएएफ (एअर फ्लो सेन्सरने मोजलेली हवा) बघा, ग्रॅम प्रति सेकंद दाखवतं. इंजिन चांगलं गरम करा, एसी बंद, आयडलला ठेवा. हिशोब सांगतो: ८५० आरपीएमला चार स्ट्रोक इंजिन मिनिटाला ४२५ वेळा स्वतःएवढी हवा ओढतं, १.३ लिटरच्या हिशोबाने साधारण ५५० लिटर, कराडच्या उंचीवर लिटरला १.१ ग्रॅम धरा, म्हणजे मिनिटाला ६०० ग्रॅम, सेकंदाला १०. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत म्हणून ९ धरा. हा आकडा ईजीआर बंद असताना. उघडला की जळका गॅस जागा खातो आणि आकडा ५-६ वर यायला पाहिजे. आता ईजीआरचं सॉकेट काढा (चेक लाईट लागेल, घाबरू नका), स्प्रिंगने व्हॉल्व्ह बंद होतो, आकडा ९ कडे उडी मारायला पाहिजे. उडी मारली तर व्हॉल्व्ह हलतोय. सॉकेट लावा काढा काहीच फरक नाही आणि ९ लाच चिकटलाय, तर बंद अडकलाय. खालीच चिकटलाय तर उघडा अडकलाय. काही गाड्या दोन-तीन मिनिटं आयडलला उभ्या राहिल्या की ईजीआर आपणच बंद करतात, तेव्हा एकदा रेस करून मग लगेच बघा.

कोथरूडची_ड्रायव्हर
बुवा काय सुंदर समजावलंत, माझ्या गॅरेजवाल्याने सात वर्षांत एवढं सांगितलं नाही.

पत्रा घालण्याबद्दल माझा अनुभव. मी घातला होता. हो, घातला होता, कबूल करते. सहा महिने पिकअप मस्त, खूश. मग लाईट परत लागली कारण ईसीयूला गॅस येत नाही हे कळतंच ना, मग त्याच माणसाने सांगितलं आता सॉफ्टवेअरमधून ईजीआर बंद करू, ८ हजार. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की २०० रुपयांचं काम हे पहिला हप्ता होता. आणि गंमत म्हणजे पीयूसीला काहीच कळलं नाही, डिझेलला ते फक्त धूर किती गडद तेवढाच मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. म्हणजे मशीन पास म्हणणार आणि मी सिग्नलला उभी राहून मागच्या स्कूटरवाल्या पोराच्या नाकात ते सोडणार. काढून टाकला पत्रा.

सॅनहोजेचा_सदाशिव
इकडे कॅलिफोर्नियात हा पत्रा घातलात तर स्मॉग चेकला (इकडची पीयूसी) गाडी नापासच. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, टेस्टच्या आदल्या दिवशी कोड उडवून गाडी नेली तरी नापास होते, कारण कोड उडवला की गाडीच्या आतल्या सगळ्या सेल्फ टेस्ट पण कोऱ्या होतात आणि मशीन म्हणतं तयार नाही. आपल्याकडे पीयूसीवाला नळीत पाइप घालतो तेवढंच. बाकी डोंगलवर नुसते पक्के कोड बघू नका, पेंडिंग कोड (अजून पक्के न झालेले) पण बघा.

कराडचा_पावणा
मंडळी अपडेट देतोय, जरा लांब आहे.

डोंगल ६५० ला घेतला. सदाशिवदादा म्हणाले तसं पेंडिंगमध्ये बघितलं तर पी०२९९ पडलेला, टर्बोचा दाब कमी!! गॅरेजच्या कागदावर एकच कोड लिहिलेला. मग बुवांची टेस्ट: गरम इंजिन, ८.८. सॉकेट काढलं, ८.९. परत लावलं, ८.८. रेस करून पण तेच. म्हणजे बंद अडकलेला.

मग रविवारी सकाळी मित्राच्या फिटरला बोलावलं, गाडी रॅम्पवर घेतली. इंटरकूलरच्या खालच्या होजला हात फिरवला तर बोट आतच गेलं, क्लॅम्पच्या जवळ चार बोटं लांब चीर, खालच्या बाजूला, वरून खरंच नवा कोरा दिसत होता. मग ईजीआर उघडला. काय सांगू, चुलीच्या धुराड्यात हात घातल्यासारखं, काजळी आणि तेल मिळून डांबर झालेलं, व्हॉल्व्हची दांडी त्यात रुतून बसलेली, बोटाने हलेना. प्लास्टिकचा मोटरवाला भाग वर धरून कार्ब क्लीनर मारला, अर्धा तास भिजवला, जुन्या टूथब्रशने खरवडलं, दोन वेळा केलं तेव्हा दांडी टकटक हलायला लागली. नळी पण तेवढीच तुंबलेली. फिटर एमएएफ सेन्सरवर पण तोच स्प्रे मारायला निघाला होता, मी हात धरला, त्याचा वेगळा स्प्रे असतो हे वाचलं होतं. होज १,६५०, गास्केट १८०, स्प्रे ३५०, फिटर ८००. एकूण २,९८०.

आता सॉकेट लावलेलं असताना ५.५, काढलं की ९. काल मुद्दाम खंबाटकी चढून आलो, तिसऱ्यावर ६० आरामात, आरशात धूर नाही. पीयूसी पण करून घेतली, के व्हॅल्यू (धूर किती गडद त्याचा आकडा) ०.७४ आली, मर्यादा १.६२.

डिझेलबुवा
झकास. फक्त दोन्ही कामं एकाच दिवशी केलीत ते मला पटलं नाही, आधी होज बदलून एक चक्कर मारायची होती, मग कळलं असतं धूर किती कशामुळे होता. असो. गॅरेजवाल्याचा कोड खोटा नव्हता, पण १४ हजाराचा नवीन ईजीआर घालून सुद्धा तुम्ही घाटात तसेच रडत चढला असता.

तुम्ही गावातल्या गावात फार फिरवता काय? दोन किमी जायचं बंद करायचं, परत दोन किमी?

कराडचा_पावणा
हो बुवा, शाळा, बाजार, शेत. लांब महिन्यातनं एखादवेळेस.

डिझेलबुवा
तेच. इंजिन तापतच नाही तर काजळी धरणारच. आठवड्यातनं एकदा हायवेला अर्धा तास जरा वरच्या आरपीएमला ताणा. आणि हे सांगा, जुना होज काढला तेव्हा आत तेल किती होतं?

कराडचा_पावणा
बोटाला लागेल एवढं. ओघळलं नाही.

डिझेलबुवा
मग ठीक आहे, ते ब्रीदरचं (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीचं) असतं. वाटीभर निघालं असतं तर टर्बो उघडून बघायला लावला असता.

वऱ्हाडी_चाकं
कोणाले पेट्रोल गाडीचा मागचा ऑक्सिजन सेन्सर पाहिजे काय, चांगला आहे, ९ ओम 😄