कॉलेज फुटबॉलची नवी स्टेडियमं: साध्या तिकिटाचा विचार सगळ्यात शेवटी का?

वरची_रांग (धागा)

अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या नव्या स्टेडियमांचे आराखडे बघून संताप येतो. आधी क्लब आणि बॉक्स (म्हणजे महागडी खास आसनं आणि खाजगी खोल्या), मग कॅमेऱ्यांच्या जागा, आणि उरल्यासुरल्या कोपऱ्यात साधा प्रेक्षक.

सॅन दिएगो स्टेट विद्यापीठाचं स्नॅपड्रॅगन स्टेडियम घ्या. 35,000 आसनं, खर्च सुमारे 31 कोटी डॉलर. 3 सप्टेंबर 2022 ला पहिला सामना दुपारी झाला, पारा 38 अंशांच्या आसपास आणि बहुतेक आसनांवर छप्परच नाही. लोकांना उन्हाचा त्रास झाला, कित्येक जण सामना टाकून उठले. हे आधी कळण्यासारखं होतं. खेळाडूंच्या डोळ्यांत ऊन येऊ नये म्हणून मैदान साधारण उत्तर-दक्षिण आखतात. मग पूर्वेच्या स्टँडचं तोंड पश्चिमेला होतं आणि दुपारभर ऊन थेट तोंडावर. त्यात सामन्याची वेळ ठरवतं टीव्ही, तीही बहुतेकदा 12 दिवस आधी, कधी फक्त 6. तेव्हा सप्टेंबरमधल्या दुपारी 12, 3 आणि 5 वाजता सावली कुठे पडते ते नकाशावर काढून मगच स्टँड ठरवायला हवेत.

आसनं कमी करायची टूम निघाली आहे तीही मला मान्य नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचं जुनं स्टेडियम, रायन फील्ड, 47,000 चं होतं, नवं 35,000 चं.

हिशेबनीस

उन्हाच्या मुद्द्याशी सहमत. आसनांच्या मुद्द्याशी मुळीच नाही.

जुन्या बाकावर माणशी 18 इंच धरतात आणि एका रांगेपासून दुसरीपर्यंत 24 इंच. पाठ असलेली खुर्ची माणशी 21 इंच घेते, आणि पुढून कुणी जाताना उभं राहावं लागू नये तर रांगेला 33 इंच हवेत. 24 माणसांच्या 30 रांगा म्हणजे 720 जागा. तेवढ्याच भागात आता 20 खुर्च्यांच्या 21 रांगा बसतात, म्हणजे 420. यात कुणाचा कट नाही, गुडघ्यांना जागा दिली की आकडा उतरतोच. शिवाय व्हीलचेअरच्या जागा कायद्याने द्याव्याच लागतात: 5,000 आसनांपर्यंत 36, पुढे दर 200 मागे एक. 35,000 ला 186 झाल्या, प्रत्येकीच्या शेजारी सोबत्याची खुर्ची. पुढचे लोक उभे राहिले तरी तिथून मैदान दिसायला हवं.

वरची_रांग

गुडघ्यांचं गणित पटलं. पण कापलेल्या जागा कोणत्या, हे बघा. बॉक्सची पट्टी मध्यावर घातली की वरचा मजला तेवढा उंच आणि मागे जातो. मागच्या माणसाची नजर पुढच्याच्या डोक्यावरून किती मिलिमीटर वर जाते, त्याला सी-व्हॅल्यू म्हणतात. 90 असेल तर आरामात दिसतं, 60 च्या खाली मान वाकडी करावी लागते. वरच्या मजल्यावर ती राखायची तर पायऱ्या 34-35 अंशांपर्यंत तीव्र कराव्या लागतात. तिथे म्हातारी माणसं चढणार कशी?

तिसरा_क्वार्टर

दोघंही सिमेंटवर भांडताय, दुखणं कर्जात आहे. 30 कोटी डॉलर, 5 टक्के व्याज, 30 वर्षं: वर्षाचा हप्ता सुमारे 1.95 कोटी. घरचे सामने सात. 35,000 चं स्टेडियम दर वेळी गच्च भरलं तरी माणशी, दर सामन्याला 80 डॉलर नुसते हप्त्याला. रिकामी खुर्ची तेही देत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचं बर्कलीतलं मेमोरियल स्टेडियम हा सगळ्यात मोठा धडा. खालून हेवर्ड भूभंग जातो, त्यामुळे भूकंपासाठी मजबुतीकरण टाळता येत नव्हतं. 2012 साली ते नव्याने उघडलं. शेजारच्या सराव केंद्रासह कर्ज 40 कोटींच्या वर, आणि ते खास आसनांचे दीर्घ मुदतीचे हक्क विकून फेडायचं होतं. हक्क अपेक्षेपेक्षा फार कमी गेले आणि शेवटी कर्जाचा एक भाग खुद्द विद्यापीठाने उचलला. तो पैसा वर्गखोल्यांच्या डागडुजीचाही असू शकला असता. 2018 पासून आसनाच्या हक्कासाठी दिलेल्या देणगीवरची 80 टक्के करसवलतही गेली. जुलै 2025 पासून खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा दर विद्यापीठाला 2.05 कोटी डॉलर. या ओढाताणीत पहिली कुऱ्हाड पोहणं, कुस्ती, टेनिस अशा खेळांवर पडते.

हिशेबनीस

म्हणूनच लहान स्टेडियम आणि महाग क्लब! क्लबचं एक आसन साध्या दहा तिकिटांचा भार उचलतं. ते काढलं की हप्ता विद्यार्थ्यांच्या फीमधून वसूल होणार. नॉर्थवेस्टर्नमध्ये मोठा भाग देणगीतून आला, तरी वर्षाला सहा मैफलींची परवानगी मागावी लागली. विद्यापीठ ज्या गावात आहे त्या इव्हान्स्टनच्या नगर परिषदेत मतं समसमान पडली आणि महापौरांच्या मताने ती मिळाली. रहिवाशांचा राग रास्त आहे, पण सात दिवसांच्या वापरावर एवढी इमारत पोसता येत नाही.

वरची_रांग

मैफली घ्या, क्लबही ठेवा. माझ्या मागण्या दोनच. हक्कांचे करार सह्या होऊन हातात आल्याशिवाय, नुसत्या अंदाजावर रोखे काढू नका. आणि छप्पर आज परवडत नसेल तर निदान पाया त्याचा घाला. हलक्या छपराला त्याच्या वजनापेक्षा खालून उचलणाऱ्या वाऱ्याचा धोका जास्त. खांब आणि पाया त्या ओढीसाठी पहिल्यापासून धरले नसतील तर पुढे स्टँड फोडावा लागतो.

हिशेबनीस

पायाचं मान्य. फक्त ती तरतूद निविदेत वेगळी बाब म्हणून लिहून घ्या. बजेट फुगलं की सगळ्यात आधी न दिसणारं काँक्रीटच कापलं जातं.