स्कॅनवरून मजकूर करून घेणे : 'डिजिटायझेशन', 'कन्व्हर्ट', 'टाइप' की 'अक्षरओळख'?

शेंगाचटणी :
मंडळी, एक शब्द पाहिजे आणि जरा अर्जंट आहे. इथं सोलापुरात पूर्व भागात एका विणकर सोसायटीचं जुनं दप्तर आहे, प्रोसिडिंग बुकं, वार्षिक अहवाल, पगारपत्रकं, काय काय. संचालक मंडळानं ठराव केला की सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं आणि ठरावात शब्द घातला 'डिजिटायझेशन'. ज्याला काम दिलं त्यानं सगळं स्कॅन मारून पेनड्राइव्हवर पीडीएफ दिल्या आणि बिल लावलं. आता चेअरमन म्हणतात जुना ठराव कॉपी करून पत्रात टाकायचाय तर टाकता येईना, कंट्रोल एफ मारलं तर एक शब्द सापडेना, हे कसलं डिजिटायझेशन? तो म्हणतो तुमच्या ठरावात तोच शब्द आहे, तेच करून दिलंय. त्याचंही खोटं नाही. आता दुसरं कोटेशन मागवायचंय तर त्यात नेमकं काय लिहायचं म्हणजे परत हा घोळ होणार नाही? स्कॅनच्या फोटोतनं अक्षरं ओळखून मजकूर काढण्याला इंग्रजीत ओसीआर म्हणतात ते माहितीय, पण आमच्या संचालकांत निम्म्यांना ते बँकेचं काहीतरी वाटतं.

हुरडापार्टी :
'टाइप करून देणे' लिही की. एवढं काय बे त्यात.

कडकभाकरी :
नको, 'टाइप' लिहू नका. मी डीटीपीत आहे म्हणून सांगतो, 'टाइप' म्हटलं की माणूस बसून बघून टाइप करणार, त्याचा रेट पानामागे वेगळा आणि मशीननं काढून प्रूफ बघण्याचा रेट वेगळा. दुकानात गिऱ्हाईक काय म्हणतं ऐका, 'हे वर्डमध्ये करून द्या', 'एडिट होईल असं द्या', 'ओपन फाइल द्या', आणि सगळ्यात डेंजर म्हणजे 'कन्व्हर्ट करून द्या'. आम्ही आपसात 'मॅटर काढणे' म्हणतो, मॅटर म्हणजे मजकूर, हा आमच्या धंद्यातला पक्का शब्द आहे.

'कन्व्हर्ट' डेंजर का तर त्यात तीन वेगळी कामं घुसतात. एक म्हणजे कागदाचा फोटो आहे, त्यातनं अक्षरं ओळखून मजकूर करायचा. दुसरं म्हणजे फाइल आधीच टाइप केलेली आहे पण श्रीलिपी नाहीतर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात, ती युनिकोडात, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या ठरलेल्या अक्षर-कोडात, आणायची. आणि तिसरं मोडीचं देवनागरी. तिन्हीला लोक 'कन्व्हर्ट' म्हणतात आणि मग भांडणं.

दुसऱ्या कामाचं जरा सांगतो कारण सोसायटीच्या अलीकडच्या अहवालांत ते निघणारच. कृतिदेवमध्ये 'भारत' लिहिलं तर फाइलच्या पोटात एच-के-के-जे-आर अशी इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फक्त फॉन्ट त्यांना देवनागरीचा चेहरा देतो. म्हणून त्या पीडीएफमधनं कॉपी केलं की कचरा पेस्ट होतो. त्यात ऱ्हस्व वेलांटी आधी टाइप होते आणि अक्षर नंतर, युनिकोडात अक्षर आधी आणि वेलांटी नंतर, त्यामुळं कन्व्हर्टरला नुसते कोड बदलून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. हे ओळखणं नाहीच, हे कोड बदलणं आहे, आणि बरोबर कन्व्हर्टर मिळाला तर जवळजवळ बिनचूक होतं. याला आम्ही 'फॉन्ट बदलणे' म्हणतो. तुमच्या कोटेशनमध्ये ही ओळ वेगळी टाका, नाहीतर समोरचा हे सोपं काम करून अवघड कामाचे पैसे मागेल.

सातरस्ता :
मी भाषेच्या अंगानं बोलतो. सरकारी मराठीत असल्या कामांसाठी शब्द आहेत पण बहुतेक कपाटातच राहतात. स्कॅनिंगला 'क्रमवीक्षण', डिजिटायझेशनला 'अंकीकरण'. आता क्रमवीक्षण लिहिलंत तर तुमचा चेअरमन कोटेशन बाजूला ठेवून शब्दकोश मागेल. ओसीआरला हिंदीच्या वळणानं 'प्रकाशीय संप्रतीक अभिज्ञान' असलंही वाचलंय, त्याच्यापेक्षा ओसीआर बरं.

'अक्षरओळख' मला आवडतो. का तर मराठी पुस्तकाच्या श्रेयपानावर 'अक्षरजुळणी' हा शब्द आपण वर्षानुवर्षं वाचतो. खिळे जुळवायचे तेव्हापासूनचा तो शब्द कॉम्प्युटर आल्यावरही टिकला. त्याच्या शेजारी अक्षरओळख बसतो, सांगावं लागत नाही. एकच गोची, लहान मुलांना बाराखडी शिकवणं म्हणजेही अक्षरओळखच. पण कोटेशनमध्ये कोण गोंधळणार?

पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं देवनागरी ओसीआर काढलं होतं त्याचं नाव 'चित्रांकन'. ऐकायला छान, पण मराठी माणसाला चित्रांकन म्हणजे चित्र काढणं वाटतं, आणि इथं तर उलटं आहे, चित्रातनं अक्षर काढायचंय.

आणि 'मजकूर' हा शब्द सोडू नका. मूळ अरबी, अर्थ 'उल्लेख केलेला'. जुन्या दस्तात 'मौजे मजकूर', 'साल मजकूर' असं येतं, म्हणजे वर सांगितलेलं गाव, वर सांगितलेलं साल. तुमच्या दप्तरातही एखादवेळेस तसा सापडेल, तेव्हा टाइप करणाऱ्यानं चूक समजून तो काढू नये म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

हुरडापार्टी :
मजकुरीकरण!! लिहून टाका.

सातरस्ता :
त्यापेक्षा क्रमवीक्षण परवडलं.

शेंगाचटणी :
😄 बरं मग 'अक्षरओळख करून संपादनक्षम मजकूर देणे' असं लिहिलं तर? संपादनक्षम जरा जड वाटतंय पण 'एडिटेबल' ठरावात बरं दिसत नाही.

कडकभाकरी :
तिथंच परत फसाल. संपादनक्षम एक आणि शोधता येणारं एक, दोन्ही वेगळं. आजकाल स्कॅनिंगवाले 'सर्चेबल पीडीएफ' देतात, वर पानाचा फोटो तसाच आणि त्याच्याखाली न दिसणारा मजकूर. कंट्रोल एफ मारलं तर सापडतं, पण तो खालचा मजकूर कुणी तपासलेला नसतो. चेअरमनना ठराव शोधायचाय का पत्रात घालायचाय? दोन्ही असेल तर दोन्ही लिहा, 'शोधता येईल अशी पीडीएफ' आणि 'दुरुस्त करता येईल अशी वर्ड फाइल'. असं साधं लिहिलेलं बरं, शब्द छोटा पाहिजे म्हणून अडून बसू नका.

आता मशीन काय घोळ करतं ते. टेसरॅक्ट म्हणून फुकटचं सॉफ्टवेअर आहे, मूळ एचपी कंपनीत तयार झालं, २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, त्यात मराठी आहे. गूगल ड्राइव्हवर पीडीएफ टाकून डॉक्समध्ये उघडली तरी मजकूर निघतो. छापील मजकूर, ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके) सरळ स्कॅन असेल तर चांगला निघतो. पण तुमचं दप्तर विणकरांचं आहे हे लक्षात घ्या. म आणि भ, घ आणि ध, ब आणि व, थ आणि य, या जोड्यांत ते अडखळतं. मी असल्याच एका अहवालाचं मॅटर काढलं तर 'यंत्रमाग' सगळीकडे 'यंत्रभाग' झालेलं. आता यंत्रभाग हाही बरोबरच शब्द की, स्पेलचेक लाल रेघ मारणार नाही. आणि खरेदीच्या यादीत मागावर आडवा धागा नेणारे 'धोटे' होते त्याचे झाले 'घोटे'. वाचणाऱ्याला वाटेल सोसायटीनं हाडांचा दवाखाना काढला होता. म्हणून प्रूफ बघणारा असा पाहिजे ज्याला धोटा म्हणजे काय, कांडी म्हणजे काय, बीम म्हणजे काय माहितीय. नुसतं शुद्धलेखन चांगलं असून उपयोग नाही.

आणखी एक, हे फार कमी लोकांना माहीत असतं. 'कर्मचाऱ्यांना' मधला जो ऱ्य आहे तो युनिकोडात दोन तऱ्हांनी लिहिता येतो, नुक्तावाला ऱ घेऊन किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात पण सर्च मारताना सॉफ्टवेअरला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. 'पदाधिकाऱ्यांची निवड' शोधाल आणि निम्मे ठराव सापडणारच नाहीत. कोटेशनमध्ये 'संपूर्ण मजकूर एकाच युनिकोड पद्धतीत' हे वाक्य घाला, समोरच्यानं विचारलं म्हणजे काय तर ओळखा की त्याला काम येत नाही.

कंबरतलाव :
मोडीचा उल्लेख वर आला म्हणून लिहितो. जुन्या कीर्दीत, खतावणीत मोडी निघाली तर ते 'अक्षरओळख' या ओळीत बसवू नका, त्याला 'लिप्यंतर' हा पक्का शब्द आहे. भाषा तीच मराठी, लिपी बदलते, म्हणून भाषांतर नाही आणि कन्व्हर्ट तर नाहीच नाही. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडात जागा मिळाली म्हणून लोकांना वाटतं आता मशीन वाचेल. जागा मिळाली म्हणजे टाइप करता येते, मशीनला वाचता येते असं नाही. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि मग हात न उचलता त्या रेघेला अक्षरं लटकवत जायचा, शब्द कुठं संपला ते दाखवायचाच नाही. देवनागरीत मशीनला शिरोरेषा तुटली की शब्द संपला एवढा तरी आधार असतो, इथं तोही नाही. त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, तो वाचणाऱ्यानं अर्थावरून लावायचा. जाणकार माणूसच पाहिजे.

शेंगाचटणी :
मोडी थोडीच आहे, दोन जुन्या वह्या. पण १९६०-७० च्या दशकातलं बरंचसं मराठी टाइपरायटरवर टाइप केलेलं आहे, काही कार्बन कॉपी. ते छापील धरायचं का हस्तलिखित?

कडकभाकरी :
'टंकलिखित' असा तिसरा वर्ग करा, खरंच. टाइपरायटरवर प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी उमटते, एक वर एक खाली, मध्ये फट. मशीन त्या फटीला शब्द तुटला समजतं. कार्बन कॉपीत तर अनुस्वार कुठला आणि शाईचा डाग कुठला हे मलाही कळत नाही. अशा पानांना मशीनच्या नादी लागण्यापेक्षा बघून टाइप करणं स्वस्त पडतं. एक पान नमुना म्हणून दोन्ही पद्धतीनं करायला सांगा आणि मग ठरवा.

सातरस्ता :
प्रूफबद्दल एक. मराठी विकिस्रोतावर जुनी पुस्तकं चढवतात तिथं याला 'मुद्रितशोधन' म्हणतात, आणि पद्धत चांगली आहे. डावीकडे मजकूर, उजवीकडे पानाचा फोटो, एकानं शोधन करायचं आणि दुसऱ्यानं परत तपासून 'प्रमाणित' करायचं. ज्यानं शोधन केलं त्यानंच प्रमाणित करायचं नाही. हे तुमच्या कोटेशनमध्ये उचला.

आणि मूळ कागदात चूक असेल तर? ठरावात संचालकाचं नाव चुकीचं लिहिलं असेल तर टाइप करणारा सुधारून टाकणार, मनानं चांगलं करायला जाणार. जुन्या कागदांवर 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा असायचा, म्हणजे मूळ जसं तसंच. तहसीलमध्ये आजही आपण नकलेलाच अर्ज करतो. तुम्हाला 'मूळ कागदाबरहुकूम' हवंय असं स्पष्ट लिहा. 'शुद्ध मजकूर' लिहिलंत तर तो शुद्ध करून देईल आणि दप्तराची वाट लागेल.

शेंगाचटणी :
हे लई भारी सांगितलं सर. आता असं लिहिलंय बघा :
"छापील कागदांची अक्षरओळख करून, मूळ कागदाबरहुकूम मजकूर युनिकोड मराठीत वर्ड फाइलमध्ये व शोधता येईल अशा पीडीएफमध्ये देणे. जुन्या फॉन्टातील फाइलींचा फॉन्ट बदलणे, टंकलिखित कागदांचा मजकूर देणे आणि मोडी वह्यांचे लिप्यंतर करणे यांचे दर स्वतंत्र नमूद करावेत. मुद्रितशोधन व तपासणी दोन वेगळ्या व्यक्तींनी करावी."

कडकभाकरी :
पगारपत्रकं यातनं बाहेर काढा. शब्द चुकला तर पुढच्यामागच्या वाक्यावरून कळतं, आकडा चुकला तर काय कळणार? १ चा ९ झाला तर कुणाच्या तरी फंडात फरक पडतो. त्यांचं बघून टाइप आणि एक्सेलमध्ये उभी-आडवी बेरीज जुळली पाहिजे अशी अट.

शेंगाचटणी :
चालेल. शेवटचं एक विचारतो, प्रोसिडिंगवर बऱ्याच सभासदांच्या सह्या तेलुगूत आहेत, त्यांचं काय लिहायचं? टेसरॅक्टला मराठी आणि तेलुगू दोन्ही लावता येतात म्हणे.

सातरस्ता :
लावता येतात, पण छापील तेलुगूसाठी. सही वाचायला जाऊ नका. त्या जागी 'सही, तेलुगूत' एवढंच लिहायला सांगा, आणि नाव हजेरीच्या यादीत असेल तर तिथनं घ्या.