मदत हवी आहे: सामाईक विहिरीत ओघळीचं पाणी गाळून कसं सोडावं? (पुणे जिल्हा)

नमस्कार मंडळी,
पुरंदरच्या पूर्व भागातल्या वाडीसाठी विचारतोय. पाच घरांची सामाईक विहीर आहे, व्यास ८ मीटर, खोली १२ मीटर. वर दीडेक मीटर मुरूम, खाली काळा पाषाण. पाऊस आता तासाभरात कोसळतो आणि मग तीन-तीन आठवडे उघडीप. माघातच तळ दिसतो. शेजारच्या ओघळीला वरच्या चार एकरांचं पाणी येतं. खड्डा केवढा, थर कसे? पाणी फक्त शेतीला आहे, पिण्याला नाही. खर्च वर्गणीतून.

प्रतिसाद १
आधी हिशोब करा. चार एकरांवर ४० मिमी पाऊस म्हणजे साडेसहा लाख लिटर. त्यातलं चौथा हिस्सा वाहून आलं तर एक लाख साठ हजार. तुमच्या विहिरीत मीटरभर पाण्याला ५० हजार लिटर लागतात, म्हणजे एका सरीत तीनेक मीटर. मिळकत चांगली आहे, पण दोन तासांत एवढं पाणी कुठलाही गाळणखड्डा पचवत नाही.

पहिला खड्डा १.५×१×१ मीटर, रिकामाच ठेवा. लोक हौसेने त्यात दगड भरतात, मग गाळ उपसता येत नाही. पुढचा २×२×२ मीटर, विहिरीपासून दोन-तीन मीटर लांब. तळाला ४० सेंमी मोठे दगड, वर ३० सेंमी खडी, त्यावर नायलॉन जाळी, मग ३० सेंमी जाड वाळू. उरलेली जागा पाणी तुंबायला. तळातून ४ इंची पीव्हीसी पाइप, खड्ड्यातल्या तोंडाला भोकं पाडून जाळी. विहिरीत तो अर्धा मीटर पुढे काढा, नाहीतर धार कडेवर पडून बांधकाम ढासळतं. एवढ्या वाळूतून तासाला २० हजार लिटर गेले तरी पुष्कळ, म्हणून सांडवा हवाच. वरच्या शेतांचे बांध नीट केलेत तर पाणी सावकाश येईल आणि खड्ड्याला जास्त घेता येईल.

प्रतिसाद २
दादा, वाटपाचं आधी ठरवा. वाढलेलं पाणी एकाच्या उसाला गेलं तर बाकीची चार घरं गाळ उपसायला येणार नाहीत. तुमच्याच तालुक्यात नायगावला १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखेंनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, माणशी: डोई अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनांनाही वाटा, उसाला बंदी. हेच कलम वहीत लिहून पाचही घरांच्या सह्या घ्या.

धागाकर्ता
मनापासून आभार. वाळू तुंबली हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद १
पाऊस थांबून चार-पाच तास झाले, खड्ड्यात पाणी उभं आणि पाइपातून नुसतं ठिबकतंय, की समजा. वरची ५ सेंमी वाळू खरवडून धुऊन परत टाका. पहिल्या पावसाचं आणि फवारणीनंतरच्या सरीचं पाणी फळी लावून बाहेर काढा. ही सफाई ऑगस्टअखेर उरकून घ्या. तुमच्या भागात खरा जोर सप्टेंबरात आणि परतीच्या पावसात असतो, रब्बीला तेच पाणी पुरवायचंय.