प्रति: विज्ञानकथेतली संगणकी बोली
वर म्हटलंय, विज्ञानकथेत घडवलेली संगणकी बोली पाच वर्षांत शिळी होते. सगळीच नाही ओ. जॉन ब्रनर यांनी १९७५ च्या कादंबरीत नेटवर्कभर पसरणाऱ्या प्रोग्रॅमला ‘टेपवर्म’ म्हटलं. पुढे झेरॉक्स कंपनीच्या संशोधकांनी तशाच पसरणाऱ्या प्रोग्रॅमच्या आपल्या प्रयोगाला तिथूनच ‘वर्म’ (इंग्रजीत किडा) हे नाव घेतलं. टिकलं, कारण किडा सगळ्यांनी पाहिलेला असतो. आमच्या बेळगावच्या खडेबाजारातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यानं माझा पेनड्राइव्ह लावला, प्रत्येक फोल्डरचा शॉर्टकट झालेला बघितला आणि म्हणाला, “हुळ लागलंय की ह्याला!” हुळ म्हणजे कन्नडमधला किडा. त्यानं कुठं ब्रनर वाचलाय! माझ्या कथेतल्या बेळगावी यानावरचा मेकॅनिक ‘क्वांटम-अमुक’ नाही, ‘हुळ’च म्हणणार.