एरोस्पेसमधील संशोधन पदवीसाठी सांगलीतील नोकरी सोडावी का?

विश्रामबागकर:
माझी पुतणी मेकॅनिकलची पदवी घेऊन कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी करते. ‘गेट’ या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर तिला एका आयआयटीत एरोस्पेसच्या, म्हणजे विमान व अवकाशयान अभियांत्रिकीच्या, एम. टेक.ला प्रवेश मिळत असून पुढे पीएच. डी. करण्याचाही तिचा मानस आहे. तिने जावे, असे माझे मत आहे. ज्या वालचंद हिराचंदांचे नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आहे, त्यांनीच १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला होता. हे क्षेत्र आपल्याकडच्यांचे नाही, हे म्हणणे म्हणूनच मला पटत नाही.

कृष्णाकाठ:
वालचंदशेठांनी कारखाना काढला, प्रबंध लिहिला नाही. एम. टेक.ची दोन वर्षे दरमहा १२,४०० रुपयांवर, त्यानंतर पीएच. डी.ची पाचेक वर्षे ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपयांच्या शिष्यवृत्तीवर काढायची, आणि तिशी उलटल्यावर इस्रो किंवा संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओच्या मोजक्या जागांसाठी रांगेत उभे राहायचे. परदेशाचा भरवसा धरू नये. अमेरिकेत अग्निबाणाचे काम निर्यात-नियंत्रणाच्या कायद्याखाली येत असल्याने परक्या नागरिकाला तिथे सहसा घेत नाहीत.

चाळकेवाडीचा वारा:
आपण पदवीच्या नावाकडे पाहत आहात. संशोधन प्रत्यक्षात प्रवाह, ज्वलन, कंपने आणि संमिश्र पदार्थ यांवर चालते. आमच्या साताऱ्याच्या पठारावरील पवनचक्कीचे पाते हा विमानाच्या पंखाचा सख्खा भाऊच आहे, कारण दोन्हींच्या आडव्या छेदाचा आकार आणि दोन्हींवर येणारे उत्थापक बल एकाच शास्त्राने मोजले जाते. मी स्वतः या विषयात पीएच. डी. केली आहे. पहिले आठ महिने वातबोगद्यातील (जिथे नमुन्यावर वारा सोडून त्यावरचे बल मोजतात) बलमापक नीट आकडे देईना म्हणून गेले (घरी मात्र ‘रॉकेट कधी उडणार?’ एवढेच विचारत), पण मोजमापावर अविश्वास कसा दाखवावा, हे मी त्याच काळात शिकलो आणि आजही त्यावरच पोट भरतो. संस्थेपेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा. त्यांच्या मागील विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली, हे त्या विद्यार्थ्यांनाच विचारावे.

कृष्णाकाठ:
मग हाच प्रवाह मेकॅनिकलच्या पीएच. डी.त का अभ्यासू नये? प्राध्यापकी करावयाची झाल्यास त्या शाखेची महाविद्यालये सांगली-साताऱ्यात आहेत. एरोस्पेसची शोधावी लागतील.

चाळकेवाडीचा वारा:
प्राध्यापकीपुरते आपले म्हणणे मान्य आहे. परंतु २०२२ मध्ये स्कायरूट या खासगी कंपनीचे आणि २०२४ मध्ये आयआयटी मद्रासमधून निघालेल्या अग्निकुल या दुसऱ्या खासगी कंपनीचे रॉकेट उडाल्यापासून रांग केवळ सरकारी दारात राहिलेली नाही.

विश्रामबागकर:
पुतणीला दोन्ही बाजू वाचून दाखवल्या. एम. टेक.ला ती जाणार आहे, पीएच. डी.चे मात्र मार्गदर्शकांच्या तीन जुन्या विद्यार्थ्यांशी बोलल्यावरच ठरवीन, असे तिने सांगितले आहे.