घाटात ऑटोमॅटिक नको म्हणणाऱ्यांसाठी

चिपळूणची लेक
गणपतीच्या तोंडावर एका गृहस्थांनी सल्ला लिहिलाय: ‘पावसात कोकणात यायचं तर गियरचीच गाडी आणा. ऑटोमॅटिक शहरातल्या बायकांसाठी आणि गुडघे गेलेल्यांसाठी. घाटात ती तुमच्या हातात राहत नाही.’ वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी कामासाठी भर पावसातही कुंभार्ली घाट चढते-उतरते. गाडी टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे क्लचऐवजी तेलातून इंजिनचा जोर पोचवणारी ऑटोमॅटिक. उतार लागला की लिव्हर एमवर, म्हणजे हाताने गियर निवडायच्या खाचेत घेते, दुसरा टाकते, मग इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेक वळणाच्या आधी तेवढा. गाडी हातात राहत नाही ती डीवर, म्हणजे गियर गाडीवरच सोडून, अख्खा घाट ब्रेकवर उतरणाऱ्याच्या. पायथ्याच्या पोफळीला पोचेपर्यंत त्याच्या चाकांना वास सुटलेला असतो. तोच वास गियरच्या गाड्यांनाही येतो, कारण पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर उतरणारे तर बहुतेक गियरवालेच.

चढाला पुढे एसटी थांबली, मागे डंपर चिकटला, काचेवर पाणी मावत नाही, अशा वेळी हाफ क्लचवर गाडी तोलणं ज्याला जमतं त्याने जरूर तोलावी. मला ते येतं. पण रोज करायची गरज नाही, आणि न केल्याने मी कच्ची ड्रायव्हर ठरत नाही. ‘बायकांची गाडी’ हा शब्द मागे घ्या, मग पुढचं बोलू.

देवरुखचा
शब्द चुकीचा होता, मान्य. पण ताई, टॉर्क कन्व्हर्टर आहे कितीजणांकडे? आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हणून ज्या गाड्या खपतात त्यातल्या बऱ्याचशा एएमटी. 2014 ला मारुतीच्या सेलेरियोबरोबर ती स्वस्तात आली आणि लोकांनी उचलली. आत गियरबॉक्स साधाच, फक्त क्लच दाबायचं आणि गियर बदलायचं काम यंत्र करतं. मेहुण्याची तीच. साखरप्याहून आंबा घाट चढताना ऐन वळणावर गाडीला दुसरा घ्यावा की तिसरा हेच कळेना. जोर गेला, गाडी मागे सरकली, मागे कठड्याला लागून जीप. मेहुणा ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरवरच गाडी तोलत राहिला, क्लच तापला आणि डॅशबोर्डवर दिवा. बहीण मागच्या सीटवर लेकरू घेऊन. तुमचा कुंभार्ली तुमच्यापाशी, मी त्या दिवसानंतर घरात ऑटोमॅटिक येऊ देणार नाही.

चिपळूणची लेक
चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलायची नाही, हँडब्रेक ओढायचा. एएमटीच्या पुस्तिकेत हे छापलेलं असतं. आणि एएमटीलाही एम असतो. वळणाआधी दुसरा पाडून ठेवला असता तर गाडी गोंधळलीच नसती. बहिणीची भीती मला समजते. पण दोष गाडीचा की न शिकवता चावी हातात देणाऱ्याचा?

देवरुखचा
एम वापरून हातानेच गियर टाकायचे असतील तर ऑटोमॅटिकचे जास्तीचे पैसे कशाला मोजले?

वेंगुर्ल्याचो
माका एक सांगा, तुमची ऑटोमॅटिक बंद पडली की ढकलून चालू होतली काय? आंबोलीत रातीच्या पावसात माझी बॅटरी बसली. चहाच्या टपरीवरच्या पोरांनी ढकलली, दुसऱ्या गियरात क्लच सोडलंय, आणि दाणोलीपर्यंत खाली इलंय. ऑटोमॅटिक असती तर रातभर थंयच रवलंय असतंय.

डोंबिवली ते राजापूर
आम्हा चाकरमान्यांचा विचार कोणी करणार की नाही? घाट तासाभराचा. बाकी रस्ता? 2011 पासून मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण चाललंय. कशेडीचा बोगदा झाला म्हणून हुश्श करावं तर माणगावच्या बाजारात तासन् तास फर्स्ट-सेकंड, फर्स्ट-सेकंड. आई-वडील, मखर, सामान सगळं गाडीत. राजापूरला उतरल्यावर डावा पाय टेकवत नसे. ऑटोमॅटिक घेतल्यापासून आरतीला उभा राहू शकतो. खड्डे बुजवणारा येईल तेव्हा गियरचं कौतुक सांगा.

माखजनचा मास्तर
गियरचं राहू द्या. तुम्ही मंडळी पावसाची सर आली की चारही इंडिकेटर लावून चालवता, ते आधी थांबवा. हॅझर्ड दिवे उभ्या गाडीसाठी असतात. ते चालू असताना तुम्ही डावीकडे वळताय की उजवीकडे, मागच्याला कळायला मार्ग नाही. मागच्या गणपतीत आरवलीजवळ अशीच एक गाडी उजवीकडे वळली, माझा विद्यार्थी बाईकवरून तिच्या दारावर. हात मोडला, दहावीचं वर्ष. धुक्यात अप्पर लावणारे त्याहून वाईट. अप्पर धुक्यावरून परत आपल्याच डोळ्यात येतो. डिपर आणि असले तर फॉग लॅम्प, एवढं पुरतं.

डोंबिवली ते राजापूर
मास्तर, मुलाबद्दल वाईट वाटलं. पण ‘तुम्ही मंडळी’ म्हणजे कोण? बाईकवर तिघं, हेल्मेट नाही, मागचा लाईट फुटलेला, हे गावातलेच असतात. सगळं खापर मुंबईकरांवर का?

माखजनचा मास्तर
माझा विद्यार्थी एकटाच होता आणि हेल्मेट घातलं होतं. खापर फोडतोय कारण त्या दहा दिवसांत घाटात तिसरी लाईन लावणारे मुंबई-ठाण्याचे नंबर मी डोळ्यांनी पाहतो. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम आहे, सौजन्य नव्हे. तुम्ही उतारावरून घुसता, चढणारी एसटी थांबते, तिच्यामागे दोन किलोमीटर रांग. मग एएमटी मागे सरकणार नाही तर काय होणार?

डोंबिवली ते राजापूर
त्याच चाकरमान्यांनी घरं धरून ठेवलीत, देवळं दुरुस्त केलीत. वर्षातून एकदा आपल्याच घरी येतो तर पाहुण्यासारखं ऐकून घ्यायचं?

वेंगुर्ल्याचो
घर तुमचा, रस्तो सगळ्यांचो.

गुहागर, सध्या मॉन्ट्रियल
इथे हाच वाद बर्फ पडला की सुरू होतो, म्हणून बोलतो. गियरवाले म्हणतात, दुसऱ्यात सुटलं की चाक जागच्या जागी फिरत नाही. ऑटोमॅटिकवाले म्हणतात, आमच्यात बर्फासाठी वेगळं बटण आहे. पण क्यूबेकचा कायदा गियरबॉक्सबद्दल काही बोलत नाही. तो 1 डिसेंबर ते 15 मार्च विंटर टायर सक्तीचे करतो. पकड टायरची असते. आणि निसरड्यावर एकदम खालचा गियर टाकून क्लच सोडला तर इंजिन ब्रेकिंगनेच चाक घसरतं, हेही इथेच शिकलो. आपल्याकडच्या शेवाळलेल्या वळणाला तोच न्याय.

देवरुखचा
बर्फ वेगळा, आपला लाल चिखल वेगळा. उणे वीसमधले धडे आंबा घाटाला नकोत.

गुहागर, सध्या मॉन्ट्रियल
चिखल राहू दे, टायरची नक्षी तर बघशील? आपल्याकडे कायद्याने किमान 1.6 मिलीमीटर लागते. त्याच्या खाली गेली की चाकाखालचं पाणी बाहेर पडत नाही, गाडी पाण्यावर तरंगते. मग क्लच आहे की नाही, कोण विचारतं?

कुडाळ गॅरेज
दोन्ही बाजूंच्या गाड्या माझ्याकडेच येतात. पावसाळा संपला की क्लचप्लेट संपलेल्या गियरच्या गाड्यांची रांग लागते, कारण घाटात पाय क्लचवरच ठेवतात. एएमटीतही प्लेट तीच, जळते तशीच. ड्राय क्लचची डीसीटी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक, ट्रॅफिकमध्ये तापते. सीव्हीटीला, म्हणजे ठरावीक गियर नसलेल्या पट्ट्याच्या ऑटोमॅटिकला, उतारावर इंजिनने गाडी धरायला एल किंवा एस असतो, नव्वद टक्के गिऱ्हाईक त्याला कधी हात लावत नाही.

ब्रेक ऑइलकडे कोणीच बघत नाही. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्या हवेत ओलावा किती ते सांगायला नको. जुनं ऑइल सततच्या ब्रेकने तापलं की उकळतं, आत वाफ होते आणि पेडल थेट तळाला. दोन वर्षांनी बदला. इलेक्ट्रिकवाल्यांनाही एक: घाटमाथ्यावर शंभर टक्के चार्ज करून उतरू नका. बॅटरीत जागा नसली तर रीजनचं, म्हणजे गाडी धरता धरता बॅटरी भरणारं, ब्रेकिंग नीट मिळत नाही.

वेंगुर्लेकरांचा मुद्दा मात्र खरा. ऑटोमॅटिक ढकलून चालू होत नाही, ओढूनच न्यावी लागते. पण इंजिन ज्या चाकांना फिरवतं ती जमिनीवर ठेवून ओढत नेली तर गियरबॉक्स जाऊ शकतो, ती चाकं तरी उचलूनच न्यावी लागते. आणि घाटात रात्री उचलणारी गाडी मिळवणं सोपं नाही. क्रेनवाल्याने दोरी बांधून ओढलेली एक माझ्या दारात उभी आहे. मालकाला खर्चाचा आकडा सांगवत नाही.

चिपळूणची लेक
ओढून नेण्याचं मान्य करावं लागतंय. आडरात्री बंद पडली तर गियरची गाडी सोपी. पण त्यावर उपाय बॅटरी वेळेवर बदलणं आणि जंपर केबल डिकीत ठेवणं हा आहे. त्यासाठी बाकीचं सगळं वर्ष मी डावा पाय झिजवणार नाही. आणि देवरुखकर, बहिणीला एकदा माझ्या गाडीत बसवून आंबा घाट उतरवते. तिला स्वतःला शिकायचं असेल तर शिकवते.

देवरुखचा
टॉर्क कन्व्हर्टर परवडत असेल आणि एम वापरणारा माणूस असेल तर घाटात चालेल, एवढंच म्हणेन. एएमटी नाही म्हणजे नाही. बहिणीला विचारतो. तिला शिकायचं आहेच, मेहुणा चावी देत नाही.

माखजनचा मास्तर
शिकवाल तेव्हा हॅझर्डचं बटण कशासाठी असतं तेही सांगा.

डोंबिवली ते राजापूर
पावसात हॅझर्ड लावणार नाही, जा. तिसऱ्या लाईनचं मला सांगू नका, मी कधी लावलेली नाही.